तेरावा ठोका

जाण्याआधी पद्मनाभ गिरणीत आला, डबा न घेता.
म्हणाला, ताई, तुमची जुनी परात द्या,
किलोभर मैदा, पाव किलो साखर
आणि कणीक, जरा जाडसर.
कसले लाडू, विचारलं तर म्हणाला, हिमालय.

दत्तवाडीतली चैत्रातली दुपार, पत्रा तापलेला,
पट्टा थांबवला तरी फरशीत थरथर उरलेली.
त्याची अकरा माणसं ज्वारीच्या पोत्यांवर बसली.
परातीत त्याने आधी कणीक थापली:
हा जुना बर्फ, डिसेंबरपासून बसलेला.
वर साखर पसरली, बोटभरसुद्धा नाही.
फार थंडीत कण कोरडे होतात, म्हणाला,
एकमेकांचा हात सोडतात.
मग मैदा चाळला, सावकाश, आणि तळव्याने दाबला:
हे वादळ. तीन दिवसांचं.
एका कडेने परात उचलत गेला,
गार्गी शेलार मोबाइलवर कोन वाचत गेली.
वीस. पंचवीस.
तिसाला काही नाही.
चौतिसाला त्याने टिचकी मारली.
तडा वरच्या काठाला गेला, आरपार,
आणि मैद्याची अख्खी वडी सुटून
माझ्या पायांवर.

कुणी हसलं नाही.
मी हसले, मला त्यात नवल काय?
तीस वर्षं कापडी नळीवर थापट्या मारतेय.
पीठ आत अडून राहतं, मुकाट.
वाटतं, संपलं,
आणि कुणाच्या पोराने सहज हात लावला की
धप्प.

वैशाखात तिकडे खरंच वादळ आलं.
इथे एक्केचाळीस.
इथे बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या गोणपाटातली लादी.
चौथ्या दिवशी त्याच्या बायकोला फोन लागला:
वारा पडलाय, आभाळ निळंशार.
गल्लीभर आनंद.
वर्गणी दिलेले विचारू लागले, मग शिखर कधी?
कुणी हॉल ठरवला, कुणी शाली मोजल्या.
मी त्या दिवशी बाजरीवर गहू दळला,
कुलकर्णीबाईंनी चपात्या करड्या झाल्या म्हणून ऐकवलं.

पुढचं गार्गीने सांगितलं, जूनमध्ये, बोटांची सालं सोलत.
वाऱ्याने बर्फ उचलून नेमका आडोशाला नेऊन टाकला होता,
जिथे आपण आडोसा शोधतो.
ती चार पावलं पुढे गेली
तर पायाखाली काहीतरी बसलं,
म्हैस बसताना सोडते तसा श्वास,
आणि बुटांपासून निघालेली रेघ
तिच्या पुढे पळत गेली, पार खडकापर्यंत.
पद्मनाभने छातीइतका खड्डा खणला,
बर्फाचा एक खांब मोकळा केला,
त्यावर फावडं ठेवून ठोके मोजले.
दहा मनगटातून.
दहा कोपरातून मारायचे, दहा खांद्यातून.
खांद्यापर्यंत गेलाच नाही.
तेराव्याला खांब मधूनच सरकला,
कपाटाचा खण ओढावा तसा, सरळ, गुळगुळीत.
खाली साखर होती, ताई, ती म्हणाली, शपथ.

दोन दिवस तंबूत बसले. अन्न संपत आलं. उतरले.
आणि ते बसले होते तेव्हाच
दुसरी एक तुकडी त्याच उतारावरून वर गेली,
झेंडा लावून, हसत, परत आली.
काही झालं नाही.
उतार तसाच राहिला, पांढरा, निरागस.

हॉलचे पैसे अर्धेच परत मिळाले.
पारावर कुणी म्हणालं, घाबरला.
कुणी म्हणालं, वय झालं.
मी परात घासून ठेवली होती,
ती काही त्याने मागितली नाही.

काल आला, या वेळी डबा घेऊन, पाच किलो लोकवन.
दळण संपलं, पट्टा उतरला.
नळीवर त्याने स्वतःच थापटी मारली,
हलकी, मनगटातून,
आणि कान देऊन उभा राहिला.
रिकामी आहे रे, मी म्हटलं.
तो म्हणाला, थांबा,
अजून एकदा.